नानांच्या अ‍ॅडमिशनबद्दल

ताई,

फोनवर म्हणालीस ना, नानांना परत मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट करायचं का यावर घरात कुणी बोलतच नाही, तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

मागच्या शनिवारी लागोसहून कामासाठी इथल्याच, नायजेरियातल्या आबेओकुटा गावाला गेलो होतो. तिथे आरो नावाच्या भागात मनोरुग्णांचं हॉस्पिटल आहे आणि त्याचं नाव निघालं की लोक अजून डॉ. लॅम्बोंबद्दल सांगायला लागतात. थॉमस अडेओये लॅम्बो, याच गावचे, जन्म १९२३ चा, बर्मिंगहॅमला डॉक्टर झाले, लंडनला सायकियाट्री शिकले. १९५४ मध्ये आरोचं काम हातात घेतलं तर बिल्डिंगच पूर्ण नव्हती! मग त्यांनी काय केलं, आजूबाजूच्या खेड्यांत जाऊन लोकांना विचारलं की पेशंटना तुमच्या घरात ठेवाल का, भाडं देऊ. पण पेशंटबरोबर घरचं एक माणूस पाहिजेच, आई, भाऊ, कोणीही, त्याने पेशंटचं जेवणखाण बघायचं, सकाळी हॉस्पिटलात न्यायचं आणि नंतर परत गावात आणायचं. औषधं, शॉक सगळं होतं गं, पण बाकीचा दिवस माणसांत, अंगणात.

आणि तिथल्या योरुबा लोकांचे जे पारंपरिक वैद्य असतात, आपल्याकडच्या देवऋषींसारखे, त्यांनाही त्यांनी बरोबर घेतलं, कारण पेशंटला नक्की कशाची भीती वाटते हे त्या लोकांना ओळखीचं होतं. मला आपली आजी आठवली, नानांना देवऋषीकडे नेलं म्हणून डॉक्टर तिला केवढं बोलले होते, ती बिचारी खाली मान घालून उभी. मारझोड, उपाशी ठेवणं असले प्रकार मला अजिबात मान्य नाहीत, पण आजीला निदान विचारायला तरी हवं होतं की तिला काय दिसतंय.

१९६१ ला आफ्रिकेतली पहिली मोठी सायकियाट्री परिषद त्यांनी आबेओकुटालाच भरवली, मग इबादानला प्रोफेसर, तिथेच कुलगुरू, पुढे जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत उपमहासंचालक, १९८८ पर्यंत. २००४ मध्ये गेले. पण मी परतीच्या गाडीत फक्त त्या सोबतच्या माणसाचाच विचार करत होतो. सहा वर्षांपूर्वी नानांना ठेवलं तेव्हा आपल्याला रविवारी एक तास सोडायचे, मी डबा घेऊन गेलो तर नाना जाळीतून म्हणाले, मी चोरी केली का रे? ते मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

तू डॉक्टरांना एवढं विचार, घरचं माणूस चोवीस तास राहू देतात का. नाही म्हणाले तर दुसरं हॉस्पिटल बघू. मी दिवाळीच्या आधीपासून महिनाभर रजा टाकलीय, रात्री मी थांबेन, दिवसा तू किंवा वहिनी. नानांना आत्ताच सांगून ठेव की मी येतोय आणि बरोबर राहणार आहे.

तुझा,
बाळू