एक दिवस वाळूसाठी द्यावा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता ६ वी ते ८ वीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. त्यांपैकी एक दिवस वाळूसाठी द्यावा, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या मुलांच्या घरापासून पुळण हाकेच्या अंतरावर आहे. तरीही वाळू म्हणजे काय, या प्रश्नाला वर्गातून ‘बारीक दगड’ यापलीकडे उत्तर आले नाही. म्हणून मांडवीची काळपट आणि गणपतीपुळ्याची फिकट अशी मूठ-मूठ वाळू कागदावर पसरली. कागदात गुंडाळलेले लोहचुंबक वाळूवरून फिरवताच लोहयुक्त खनिजांचे काळे कण त्याला चिकटले, आणि व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर शिंपल्यांच्या चुऱ्यातून बुडबुडे आले. काळे कण सह्याद्रीच्या कातळातून आले आहेत, हे सांगताच ‘मग ते इथवर कसे आले?’ असा प्रश्न मुलांनीच विचारला, आणि नद्यांचा पाठ तिथूनच सुरू झाला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाण्याचा प्रयोग. कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेल्या पेल्यात मोजपात्राने पाणी ओतले, तर पेल्याच्या साधारण एकतृतीयांश पाणी त्यात मावते. हे ज्याने स्वतः मोजले, त्याला उन्हाळ्यात कोरड्या नदीपात्रात झिरा खणला की पाणी का लागते आणि वाळू उपसल्यावर काठच्या विहिरी का आटतात, हे वेगळे समजावावे लागत नाही. ५ हेक्टरांहून लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. त्यामागचे कारण आठवीतल्या मुलाला या पेल्यातून कळू शकते. आमच्याच जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात, आणि पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. त्यामुळे वरच्या थराचे आणि हातभर खालचे तापमान मोजणे हाही मुलांसाठी खरा अभ्यास आहे.

यासाठी भिंग, लोहचुंबक, दोन-तीन जाळ्यांच्या चाळण्या, तापमापी आणि मोजपात्र एवढे साहित्य पुरते. नदीपात्रातील उपशाचे खड्डे धोक्याचे असल्याने मुलांना तिथे नेऊ नये. बादलीभर वाळू शाळेत आणली तरी काम भागते. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षकांना हे प्रयोग एकदा प्रत्यक्ष करू द्यावेत. आणि कळकळीचे मागणे असे, की या दिवसाची छायाचित्रे व अहवाल मागवू नयेत, कारण त्या धावपळीत शिक्षकाचे लक्ष मुलांच्या हातांकडे राहत नाही.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या नियोजनात याचा विचार व्हावा.

आपला नम्र,
एक विज्ञान शिक्षक