गारा आणि काजूचा हंगाम

महोदय,

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातील सत्तरी, सांगे भागांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस कोसळतो आणि क्वचित गाराही पडतात, तेव्हा त्या वेचायला मुलांबरोबर थोरेही अंगणात धावतात. कौतुक समजण्याजोगे असले तरी ते धोक्याचे आहे. तापलेल्या जमिनीवरून उसळणारी हवा पाण्याचे थेंब ढगात खूप उंच नेते, शून्य अंशाखालीही न गोठलेले पाणी बर्फाच्या कणावर थराथराने साचत जाते, आणि त्या हवेला वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. म्हणूनच हवेचा झोत जितका जोरकस, तितकी गार मोठी. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे ३० एप्रिल १८८८ रोजी गारांनी २४६ जणांचा बळी घेतला होता. आपल्याकडे तसे संकट ओढवलेले नाही, हे खरे.

मात्र आपल्याकडे हाच काळ काजूच्या हंगामाचा असतो. डोंगरउतारावर बोंडू वेचणारी माणसे पाऊस आला की झाडाखाली उभी राहतात, आणि गारांच्या ढगात विजा असतातच. गडगडाट कानी पडताच पक्क्या घरात जावे, खिडक्यांच्या काचांपासून दूर राहावे. दुचाकीस्वारांनी आसरा मिळाला तरी हेल्मेट लगेच काढू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजांची पूर्वसूचना देते. पंचायतींनी अशा सूचना बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर मराठी-कोकणीतून तत्काळ टाकाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, वाळपई