हरकतींचा गठ्ठा झाला, सूचना एकपण नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मीटिंग झाली. एरवी एजीएमला कोरम भरत नाही, पण त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, कारण विषय होता मागच्या मोकळ्या जागेचा. पिंपरी-चिंचवडच्या मोशी-चऱ्होली पट्ट्यातली ही जागा शेती झोनमध्ये आहे, अजूनही एका कडेला ज्वारी असते, ती आता रहिवास झोनमध्ये घेऊन तिथं परवडणारी घरं बांधायचा प्रस्ताव आलाय आणि त्यासाठी नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात (डीपीत) फेरबदलाची नोटीस निघालीये, एक महिन्याच्या आत हरकती आणि सूचना द्या म्हणून. चहा यायच्या आधीच छापील फॉर्म वाटले गेले. वर नाव, फ्लॅट नंबर, खाली सही, मधला मजकूर तयारच. पाणी अपुरं, रस्ता अरुंद, ड्रेनेजवर ताण, परिसराचं स्वरूप बिघडेल, सबब प्रस्ताव रद्द करावा. मी सही केली नाही. का केली नाही हे तिथं नीट सांगता आलं नाही, चारचौघात माझं असंच होतं, म्हणून हे पत्र.

आधी पाण्याचं बोलतो, कारण ते खरं आहे. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. पवना धरणाच्या बंद पाईपलाईनचं काम ऑगस्ट २०११ मध्ये मावळात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले तेव्हापासून वर्षानुवर्षं थांबलेलं होतं, आंद्रा-भामा आसखेड धरणांचं पाणी आणायला इतका वेळ गेला, तेवढ्यात आमच्यासारख्या सोसायट्या शेकड्यानं उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात आम्ही टँकर घेतो आणि मेंटेनन्स वाढला की ग्रुपवर भांडतो. तर पाणी नाही हे मान्य. पण समोरच्या रस्त्यावर तीन टॉवर चाललेत, बावीस-बावीस मजली, स्विमिंग पूल सकट, त्यांच्या वेळी छापील फॉर्म कोणी वाटले नाहीत की! उलट त्यांचा रेट काय फुटला हे विचारायला आमच्यातलेच दोघं तिघं साईट ऑफिसला जाऊन आले, कारण त्यांचा रेट चढला की आपला पण चढतो. म्हणजे तीन-चार बेडरूमचा फ्लॅट पाणी पीत नाही आणि तीस चौरस मीटरचं घर पितं, असं काहीतरी गणित दिसतंय.

तीस चौरस मीटर म्हणजे किती ते पण सांगतो, कारण मीटिंगमध्ये एकानं झोपडपट्टी हा शब्द तीनदा वापरला. पंतप्रधान आवास योजना २०१५ मध्ये निघाली तेव्हा दुर्बल घटकासाठी जे घर धरलं त्याचा कार्पेट ३० चौरस मीटरपर्यंत, साधारण सव्वातीनशे स्क्वेअर फूट. आमच्या मास्टर बेडरूम, ड्रेसिंग आणि बाल्कनी मिळून तेवढं होत असेल. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाखाचं अनुदान, बाकीचे पैसे घर घेणाऱ्यानं स्वतः भरायचे, बहुतेक जण बँकेचं कर्ज काढूनच भरतात. फुकट कोणी देत नाही. हे मी चेअरमन काकांना म्हणालो तर ते म्हणाले, अरे बाबा पैशाचा प्रश्न नाहीये, कोण लोक येतील ते बघ. हां. हे वाक्य फॉर्मवर नव्हतं.

कोण लोक येतील, तर ऐका. माझे वडील भोसरी एमआयडीसीत फिटर होते. आम्ही चौघं प्राधिकरणाच्या एका खोलीच्या घरात वाढलो, ते घर ड्रॉमध्ये लागलेलं. आमचं नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली निघालं तेच मुळी कारखान्यातल्या कामगारांना रास्त भावात घर मिळावं म्हणून, हे आज निगडी-आकुर्डीतले बंगले बघून कोणाला पटणार नाही. २०२१ मध्ये ते गुंडाळून पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात टाकलं ते वेगळं. सांगायचा मुद्दा असा की त्या एका खोलीत पत्ता पक्का होता, भाडं नव्हतं, दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचं नव्हतं, म्हणून माझा डिप्लोमा झाला आणि म्हणून आज मी क्लबहाऊसच्या एसीत बसून परिसराचं स्वरूप बिघडेल का यावर चर्चा ऐकू शकलो. त्या मीटिंगमध्ये माझ्यासारखे निदान दहा जण असतील, एकमेकांची जुनी घरं आम्हाला माहिती आहेत. सगळ्यांनी सह्या केल्या.

आणि एम विंग. आमच्या सोसायटीत ए ते एल विंग एका गेटनं जातात, एम विंगला मागच्या बाजूनं वेगळं गेट आहे आणि मध्ये भिंत. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर स्कीम केली की दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात बिल्डरला मूळ एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधकाम करता येतं त्याच्या, वीस टक्के एरिया छोट्या घरांसाठी ठेवावा लागतो, ती घरं म्हाडाच्या लॉटरीतून जातात. २०१३ पासूनचा नियम, आता यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत पण आहे. बरेच जण प्लॉटचे तुकडे दाखवून चार हजाराच्या खालीच राहतात, नाशिकचं असलंच प्रकरण २०२२ मध्ये विधान परिषदेत चांगलं गाजलं होतं. आमच्या बिल्डरनं निदान घरं दिली, भिंत घालून दिली पण दिली. चार वर्षं झाली, एम विंगमुळे आमचं काय बिघडलं? गणपतीला ढोलपथक त्यांचं असतं आणि लेझीमला मुली दोन्हीकडच्या असतात, एवढंच. आता गंमत बघा, मीटिंगमध्ये फॉर्मवर पहिली सही एम विंगमधल्या एकानं केली. मी त्याला जिन्यात गाठून विचारलं तर म्हणाला, दादा आपण आत आलोय ना आता. यावर काय बोलणार, मी पण दुसरं काय वेगळं करत होतो इतकी वर्षं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी निगडीच्या ओटास्कीममधून दोन बस बदलून येतात, भोसरीत दुसरी बस चुकली की साडेआठचे साडेनऊ होतात आणि मग पाच घरांची पाच वहिनींची बोलणी खातात. ओटास्कीम म्हणजे नावातच सगळं आहे, ओटा बांधून द्यायचा, वर भिंती-पत्रे ज्याचे त्यानं बघायचे. त्याच सेक्टर २२ मध्ये पुढं केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून पक्क्या बिल्डिंगा उठल्या, आणि मग लक्षात आलं की ही जागा देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या रेडझोनमध्ये येते, म्हणजे डेपोभोवतीची बांधकामबंदीची दोन हजार यार्डाची हद्द. कोर्टाची स्थगिती आली. बांधलेल्या बिल्डिंगा वर्षानुवर्षं रिकाम्या, खिडक्या दारं चोरीला गेलेल्या, आणि बाजूला माणसं पत्र्यात. मावशींची मुलं त्या बिल्डिंगा बघत बघत मोठी झाली, क्रिकेटचा बॉल आत गेला की आणायला जायची म्हणे. हे होतं कशानं, तर जागा ठरवताना नकाशा न बघितल्यानं. रावेतची आवास योजना बघा, लोकांना ड्रॉमध्ये नंबर लागला, पेढे वाटले, आणि जागेची केस कोर्टात अडकली.

म्हणून मला वाटतं की झोन बदलायची तपासणी कडक पाहिजेच, माझा त्याला विरोध नाहीच मुळी, फक्त तपासायचं काय ते आपण चुकीचं धरून बसलोय. आपण येणारी माणसं तपासतो. जमीन तपासा ना. आमच्या मागच्या जागेतून एक ओढा जातो जो नकाशावर बारीक रेघ आहे आणि जुलैमध्ये गुडघाभर असतो, त्याचं कोणी बोललं नाही मीटिंगमध्ये. पूररेषेचं काय होतं ते आपण बघितलंय की, मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आतले ३६ बंगले पाडले, चांगले पैसेवाल्यांचे, कर्ज काढून घेतलेले. ते बंगले उठत होते तेव्हा परिसराचं स्वरूप बिघडतंय असं कुणाला वाटल्याचं मी तरी ऐकलं नाही. बंगला होता ना.

तर मी काय केलं, दोन पानं स्वतः टाईप केली आणि आवक-जावकला देऊन पोच घेतली. पोच जरूर घ्या, सर्व्हे नंबर आणि नोटिशीची तारीख टाका, आणि सुनावणीची संधी पाहिजे असं त्यातच लिहा, कारण नुसत्या छापील फॉर्मचा गठ्ठा असेल तर तो एकच हरकत म्हणून वाचला जातो असं एका निवृत्त नगररचनाकारांनी मला चहाच्या टपरीवर सांगितलं, खरंखोटं त्यांनाच माहीत. सुनावणी झाली की प्रस्ताव सरकारकडे जातो आणि मंजुरी तिथून येते, त्यामुळे आत्ता कागदावर जे येईल तेच पुढं जाणार.

माझ्या कागदावर हरकत एकच आहे, ओढ्याच्या दोन्ही बाजूची जागा बांधकामातून वगळा आणि आधी मोजणी करा. बाकी सगळ्या सूचना. पाण्याची टाकी आणि लाईन आधी, मग भोगवटा (राहायला जायचा दाखला), आणि ही अट समोरच्या तीन टॉवरना पण तशीच लावा, एकट्या गरिबाला नको. डीपीतला रस्ता जो अर्धा झालाय आणि एका बाभळीपाशी संपतो तो पुरा करा, त्याचा फायदा आम्हालाच जास्त आहे. पीएमपी बसचा स्टॉप आत आणा. तळमजल्यावर अंगणवाडी आणि दवाखाना, आणि दहा-बारा गाळे, म्हणजे इस्त्रीवाला, गिरणी, पंक्चरवाला यांना रस्त्यावर बसायला लागणार नाही. लिफ्टच्या देखभालीचं आधी ठरवा, नाहीतर बाराव्या मजल्यावर घर मिळून म्हातारी माणसं वर अडकतात, ते मी सेक्टरमधल्या जुन्या बिल्डिंगांत बघितलंय. आणि मध्ये भिंत घालू नका. ही शेवटची सूचना कुठल्या नियमात बसते मला माहीत नाही, तरी लिहिली.

ग्रुपवर माझ्यावर बरंच लिहून आलंय, एकानं तर तुमच्या फ्लॅटचा रेट पडला की कळेल असं म्हटलंय. पडला तर पडला बुवा, मला विकायचा नाहीये, आणि ज्यांना विकायचाय त्यांनी हरकतीत तसं सरळ लिहावं की, माझा रेट पडेल म्हणून हे नको. पाण्याच्या नावावर कशाला. मावशींना मी सांगितलं, मागं घरं होतायत, योजना आली की अर्ज करा, कागदपत्रं मी बघतो. त्या म्हणाल्या, आधी होऊ तर दे बाबा, आमच्याकडे पण झाली होती की.

हरकतींची मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत. तुमचा पेपर आमच्या विंगमध्ये अकरा घरात येतो, म्हणून इथं लिहिलं. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापावं लागलं तर माझ्या वडिलांचा भाग कापा, ओढ्याचा आणि टाकीचा ठेवा.

आपला,
एक वाचक, मोशी