क्योतोतल्या पोन्तोचो गल्लीच्या ताइशोंना, आईच्या वेगळ्या चॉपस्टिकबद्दल

ताइशो, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. भाच्याने सांगितलं की इझाकायात, म्हणजे तुमच्यासारख्या खाण्यापिण्याच्या छोट्या ठिकाणी, काउंटरमागे जो मुख्य माणूस उभा असतो त्याला सगळे ताइशोच म्हणतात, म्हणून तेच लिहिते. भाचा ओसाकात असतो, बुकिंगचा फोन त्यानेच केला होता आणि हे पत्रही तोच जपानीत करून तुमच्याकडे पोचवणार आहे. आम्ही कोण ते आठवायला सोपं आहे. नोव्हेंबरातली संध्याकाळ, लाल पानं बघायला क्योतोत लोटलेली गर्दी, आणि तुमच्या काउंटरच्या टोकाला मी, माझा मालवणचा नवरा आणि शेवटच्या खुर्चीत साडीवर स्वेटर घालून, पायात मोजे आणि बूट घालून बसलेली माझी आई. तुम्ही सगळ्यांनी एकदम इराश्शाइमासे, म्हणजे 'या, या', म्हणून हाळी दिलीत तेव्हा जी दचकली, तीच.

आई शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. आणि तुमच्या देशात मासा नुसता ताटात दिसतो तेवढाच असता तर काही अडचणच नव्हती, तो बाजूला ठेवता येतो. तो पाण्यात असतो. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण हे पत्र आमच्याकडचेही लोक वाचतील म्हणून लिहिते, बोनितो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात, त्याचा कीस काढतात, त्याला कात्सुओबुशी म्हणतात आणि त्याचं पाणी म्हणजे दाशी. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाच्या लगद्याच्या सूपमध्ये दाशी, सोबा नूडल्स बुडवायच्या रश्शात दाशी, साध्या उकडलेल्या पालकावर दाशी.

तुमच्याकडे येईपर्यंत आईने काय खाल्लं? भात, केळी आणि घरून आणलेलं मेतकूट. ज्या टूरवाल्यांनी 'व्हेज जेवणाची गॅरंटी' म्हणून पैसे घेतले त्यांची गॅरंटी म्हणजे ब्रेड आणि जॅम. एका चकचकीत रेस्टॉरंटमध्ये तर मेनूवर इंग्रजीत व्हेजिटेरियन लिहिलेलं, आणि गरमागरम टोफू आला त्यावर पातळ पातळ पापुद्रे वाफेने हलत होते. आई म्हणाली, अगं हे हलतंय काय? कात्सुओबुशीच ते. आम्ही सांगितल्यावर त्या माणसाने आमच्यासमोरच चिमट्याने ते पापुद्रे उचलले आणि तीच प्लेट परत आईपुढे ठेवली, हसून. आईने काही खाल्लं नाही, पण तक्रारही केली नाही, ती असल्या वेळी फक्त 'मला भूकच नाही' म्हणते आणि त्याचा मला जास्त त्रास होतो.

खरं सांगायचं तर फोनवर सरळ 'आम्हाला जमणार नाही' म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा राग नाही. भाच्याला असे नकार भरपूर मिळाले, सगळे नम्र, सगळे प्रामाणिक. राग आहे तो हो हो म्हणून पैसे घेणाऱ्यांवर. आणि थोडा आमच्याच नातेवाइकांवर, जे निघताना म्हणत होते की एवढ्या लांब जाऊन कशाला कटकट, जरा माशाचं पाणी गेलं पोटात तर काय होतंय.

तुम्ही काय काय तयारी केली होती ते तुमच्याकडच्या त्या इंग्रजी बोलणाऱ्या ताईंनी नंतर सांगितलं, आईसाठी कोम्बू या समुद्री शेवाळाचं आणि सुक्या शिताके मशरूमचं पाणी वेगळं भिजवून ठेवलं होतं वगैरे, त्या सगळ्याबद्दल आभार आहेतच. पण मी हे पत्र लिहितेय ते त्यासाठी नाही, चॉपस्टिकसाठी लिहितेय.

आम्ही बसलो, गरम ओले रुमाल आले, आणि तुम्ही काउंटरपलीकडे एक नवी, स्वयंपाकाची लांब चॉपस्टिकची जोडी काढलीत, तिच्या वरच्या टोकाला निळ्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळलात, आईकडे बघून ती जरा वर धरून दाखवलीत आणि आईच्या समोरच एका उंच ग्लासात उभी करून ठेवलीत. बोलला काहीच नाहीत. मग रात्रभर आईचं प्रत्येक ताट त्याच चॉपस्टिकने लागलं, मध्ये साशिमीचा कच्चा मासा, मध्ये कोळशावरचा मासा, हात धुऊन परत ती निळी जोडी. आई माझ्या कानात म्हणाली, "अगं, पळी वेगळी ठेवलीय त्याने."

ताइशो, आमच्याकडे पळी वेगळी आहे का, हा प्रश्न काय असतो ते तुम्हाला कसं सांगू. लग्नाच्या पंगतीत आई हा प्रश्न कधीच विचारत नाही, कारण विचारलं की वाढणारा वैतागतो, बाजूचे हसतात. म्हणून ती नुसता वरणभात घेते. तुम्हाला हे आमच्यापैकी कोणी सांगितलं नव्हतं, भाच्यानेही नाही, मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी फक्त मासा आणि दाशी चालणार नाही एवढंच बोललो होतो. बाकीचं तुम्हीच ओळखलंत.

आणि टेम्पुरा, तुमची ती पातळ पिठात बुडवून तळलेली भजी! बाजूच्या टेबलावर कमळकाकडीचा गेला तेव्हा आईने बघितलं, मीही मागवणार होते, तेवढ्यात तुम्हीच ताईंना सांगून निरोप दिलात की तेल कोळंबी तळलेलंच आहे, तुमच्या आईंना नको. एका प्लेटचे पैसे सोडून दिलेत आणि आमच्या मनात आलेलंही नव्हतं ते बोललात. ही एवढी साधी गोष्ट गॅरंटीवाल्यांना का जमत नाही?

आई काय काय जेवली त्याची यादी ती अजून शेजारणींना ऐकवते. सुरुवातीला ओतोशी म्हणून न मागवताच येते ती वाटी आली, आमच्यात ऑक्टोपस आणि तिच्यात युबा, पण वाटी अगदी तीच, हे तिने बरोब्बर टिपलं. युबा म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, हे कळल्यावर तर तिने मागून घेतली. गिंको झाडाच्या भाजलेल्या बिया मिठाबरोबर, कोम्बूच्या पाण्यात मऊ शिजवलेला मुळा आणि वर गोडसर मिसो, आणि ते नामाफू देनगाकु, कणकेतला चीक धुऊन काढल्यावर उरणाऱ्या चिवट गोळ्याचे भाजलेले तुकडे, जे तिने मला एकच दिलं. नवऱ्याची तर वेगळीच दिवाळी. मालवणचा माणूस माशाला सहसा चांगलं म्हणत नाही, घरचा बरा म्हणतो, पण तुमचा व्हिनेगरमधला बांगडा खाऊन तो गप्प झाला आणि क्योतोतल्याच फुशिमीची गरम साके, म्हणजे तांदळाची दारू, मागवत राहिला.

याच माणसाला पुण्यात भाड्याने घर शोधताना 'मासे खाता का' एवढंच विचारून दारं लावली गेली होती. आणि माझ्या आईने, जिच्या घरात कधी अंडं शिजलं नाही, जावयासाठी एक वेगळी कढई आणि वेगळी पळी आणून गॅलरीतल्या शेगडीशेजारी ठेवली होती, न बोलता, तुमच्यासारखीच. त्यामुळे तुमच्या काउंटरवर ती दोघं शेजारी शेजारी आपापलं जेवत होती, कोणी कोणाकडे नाक मुरडत नव्हतं, आणि मी रडत होते ते वासाबीमुळे असं नवऱ्याला वाटलं, तर वाटू दे.

नवऱ्याने टीप ठेवायचा प्रयत्न केला, ताईंनी हसत परत दिली, ठीक आहे, तुमची पद्धत. म्हणून हे पत्र.

मे महिन्यापासून तुमच्या मागे कामोगावा नदीच्या अंगाला लाकडी माच टाकून लोकांना बसवता म्हणे. आईला तिथे बसायचंय. भाचा आधी फोन करेल, जमणार नसेल तर खुशाल नाही म्हणा. जमणार असेल तर नामाफूच्या दोन प्लेट लागतील, एक नुसती तिची.

तुमच्या काउंटरच्या टोकाला बसलेल्या आजींची मुलगी