‘५६ एपीओ’ नावाचं गाव नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘सीमेवरच्या जवानाशी संपर्कात कसे राहाल?’ हा लेख वाचला. हेतू चांगला, मांडणी सुबक, पाठमोऱ्या जवानाचं चित्रही छान. अडचण एवढीच, की त्यात सांगितल्याबरहुकूम पत्र घातलं तर ते जवानाच्या हातात पडेपर्यंत पाकीट पिवळं होईल.

लेखात पत्त्याचा नमुना दिलाय. वर नाव, खाली ‘भारतीय सेना’, त्याखाली ‘५६ एपीओ, लेह, लडाख’ आणि शेवटी पिन १९४१०१. हा पिन लेह गावाचा आहे. म्हणजे ते पाकीट सरळ तिथल्या साध्या टपाल कार्यालयात जाणार. पुढे त्या पोस्टमननं काय करावं अशी लेखकाची अपेक्षा आहे? भर बाजारात उभं राहून ‘भारतीय सेना कुठं राहते हो?’ म्हणून विचारायचं?

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या जवानांच्या गावात कुणालाही विचारलं असतं तर शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की ५६ एपीओ नावाचं गाव नकाशावर नाही. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ ची डाक दिल्लीच्या लष्करी टपालघरातून पुढे जाते, ९९ ची कोलकात्याच्या. तिथून ती फील्ड पोस्ट ऑफिसात, तिथून युनिटचा पोस्ट ऑर्डरली (डाक आणणारा जवान) उचलतो आणि मग रसदीच्या गाडीबरोबर वर चौकीवर. या साखळीत गावाचं नाव कुठंच लागत नाही, आणि लागू नये म्हणूनच तर ही सोय केलेली आहे.

पत्ता असा लिहायचा. पहिल्या ओळीत आर्मी नंबर (जवानाचा स्वतःचा सेवा क्रमांक), हुद्दा, पूर्ण नाव. दुसऱ्या ओळीत कंपनी आणि पलटण. तिसऱ्या ओळीत ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’, जवानानं जे कळवलं असेल ते. दोन्ही एकच असं समजू नये. शेवटी ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. बस्स. गाव नाही, तालुका नाही, राज्य तर नाहीच. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन पद्धत सुरू झाली तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकरांनी (संस्कृतात कविता करणारा आपला मराठी माणूस) देशाचे आठ विभाग पाडले आणि नववा आकडा लष्करी टपालासाठी राखून ठेवला. तो पिन जागेचा नसतो, तुकडीचा असतो. तुकडी आज कुठं आहे ते लष्करी टपालवाल्यांना ठाऊक असतं, तुम्हाआम्हाला असायचं कारण नाही.

आर्मी नंबर लेखात अजिबातच नाही! मराठा पलटणीत शिंदे, जाधव, चव्हाण, पाटील यांचा काय दुष्काळ आहे का? एकाच कंपनीत एकाच नावाचे दोन शिंदे असले की एकाच्या बायकोचं पत्र दुसऱ्याच्या हातात पडतं, आणि मग लंगरात (पलटणीच्या भटारखान्यात) जे होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणखी एक: नंबर आणि पिन इंग्रजी अंकांत लिहावेत. दिल्लीत डाक वर्गीकरणाला बसलेला जवान तमिळ असेल, मणिपुरी असेल. आपला मराठी ‘१’ त्याला इंग्रजी ‘9’ वाटतो आणि पत्र भलत्याच पलटणीत जातं.

सगळ्यात कहर छायाचित्राचा. ‘जवानाला आलेले पत्र’ म्हणून जे पाकीट छापलंय त्यावर पलटणीचं नाव आणि पिन दोन्ही स्पष्ट वाचता येतात. चष्मा न लावता. शिवाय शेजारच्या मजकुरात त्या जवानाच्या गावाचं नाव आणि तो ‘सध्या कुठे तैनात आहे’ तेही दिलंय. शत्रूला यापेक्षा जास्त काय हवं असतं? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये बूलोनला हिंदी शिपायांची पत्रं उघडून वाचायला सेन्सॉर बसवले होते. पंजाबी शिपायांनी त्यावर तोड काढली: हिंदी पलटणींना ‘काळी मिरी’, गोऱ्यांना ‘लाल मिरची’. घरचे काय ते ओळखायचे. आता सेन्सॉरची गरजच उरली नाही, आपली पुरवणी आहे.

‘लवकर पोहोचण्यासाठी कुरिअर वापरा’ हा सल्ला तर कहरावर कहर. खासगी कुरिअरवाला एपीओच्या पत्त्यावर जाऊच शकत नाही. घाई असेल तर स्पीड पोस्ट. साधं पत्र लिहायचं तर पन्नास पैशांचं कार्ड किंवा अडीच रुपयांचं अंतर्देशीय पुरतं. पण अंतर्देशीयात काहीही घालायचं नसतं. राखी, कुंकवाची पुडी, बाळाचा फोटो आत कोंबला की ते नॉटपेड (कमी तिकिटाचं) होतं. राखीला पाच रुपयांचं पाकीट घ्यावं, राखी पुठ्ठ्यावर सपाट चिकटवावी आणि पंधरवडा आधी टाकावी. हिवाळ्यात लडाखच्या वाटेवरचा झोजीला घाट बंद असण्याच्या दिवसांतली पत्रं तर त्याहूनही आधी.

फराळाचं पार्सल करायचं तर बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चकल्या चालतात. ओल्या नारळाच्या करंज्या पाठवू नयेत, डबा उघडला की बुरशीच दिसते. डबा पत्र्याचा, झाकणाभोवती चिकटपट्टी, आत मोकळी जागा राहिली तर वर्तमानपत्राचे बोळे (आपली पुरवणी याला उत्तम). लोणच्याची बरणी गळली की बरोबरच्या दहा जणांची पत्रं तेलकट होतात. पॉवरबँक, लायटर, अत्तराची बाटली विमानाच्या डाकेत चालत नाही, आणि लडाखची डाक हिवाळ्यात विमानानंच जाते.

अनुभवी घरांत आणखी एक पद्धत असते. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात तारीख आणि क्रमांक घालतात. वर चौकीवर डाक गठ्ठ्यानं पोहोचते, सातवं पत्र चौथ्याच्या आधी हातात येतं. क्रमांक असला की मधलं गहाळ झालं ते कळतं, आणि ‘आईचं आता बरं आहे’ हे आधी वाचून आईला झालं तरी काय म्हणून माणूस रात्रभर घोर लावून घेत नाही.

मोबाइलविषयी लेखात दोन रकाने आहेत, पण मुद्द्याचं एक वाक्य नाही. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. नवा जवान जम्मूच्या वेशीवरचा लखनपूरचा नाका ओलांडतो, फोन बंद पडतो आणि इकडे घरात रडारड सुरू होते. रुजू व्हायला निघण्याआधी सिम पोस्टपेड करून घेतलं की हा प्रकार टळतो. उंचावरच्या ठाण्यांवर उपग्रहाचा फोन असतो. २०१७ च्या दिवाळीपासून त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आला. पण मागं रांग उभी असते. तेव्हा फोन आला की आधी घरची खबर सांगावी, शेजाऱ्यांच्या भांडणाचं पत्रात लिहावं. आणि ‘कुठं आहेस?’ हे विचारूच नये. त्याला सांगता येत नाही, आणि आपल्याला खोटं सांगणं त्याच्या जिवावर येतं.

राहता राहिली अफवा. लढाई तोंडावर आली की ‘मी हेडक्वार्टरमधून बोलतोय, तुमचा मुलगा कोणत्या युनिटला?’ असे फोन घरोघर येतात. काही सांगू नये, फोन ठेवावा. कानावर आलेल्या बातमीची खात्री करायची तर रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय) आहे: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअरांचं) खडकीला. नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दोन्हीकडे पहिला प्रश्न आर्मी नंबरचा असतो, म्हणून तो कॅलेंडरच्या मागं नव्हे, घरातल्या दोघांच्या तरी तोंडी असावा. आणि आपल्या वार्ताहरांनाही सांगावं, की रेकॉर्ड ऑफिसचा निरोप पोहोचण्याआधी कुणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहू नका.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. या वेळी पाकिटाचा फोटो नको. तो लेख संकेतस्थळावरही आहे. तिथला फोटो तरी आज काढा, दुरुस्तीला रविवार उजाडला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, कराड