उंच केलेली गाडी मागून का उडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हापूसच्या शेवटच्या पेट्या बाजाराला गेल्या की बागायतीतल्या गाड्या रिकाम्या धावू लागतात, आणि देवगडपासून गुहागरपर्यंत गॅरेजात एकच तक्रार येते : गाडी मागून फार उडते. यातल्या बऱ्याच गाड्या कातळावरच्या आणि चिरेखाणीच्या वाटांसाठी उंच करून घेतलेल्या असतात. त्यावर ‘मागे मऊ पडली, एक पाटा वाढवा’ हा सल्ला लगेच मिळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि पावसाळी घाटात धोक्याचाही ठरतो.

पाटा (पोलादी पट्टीची स्प्रिंग) किंवा कॉइल स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. दबलेली स्प्रिंग उसळताना तिला आवर घालायचे काम शॉकअपचे. ओझे भरल्यावर मागची बाजू बसत असेल आणि बंप स्टॉपचे रबर (चाक फार वर आल्यास अडवणारा ठोकळा) आदळत असेल, तर स्प्रिंग मऊ पडली म्हणावे. पण खड्डा ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत असेल, तर आवर सुटला आहे. तिथे पाटा वाढवला की उसळी आणखी जोरात येते. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटरचा पाटा जवळजवळ ६० टक्क्यांनी कडक असतो. संपूर्ण संच दीडपट कडक केला, तर शॉकअपचा रोधही वीस-बावीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. तो न वाढवता नुसता पाटा घालणे म्हणजे उधळ्या बैलाला जुन्याच वेसणीवर धरणे.

उंच केलेल्या गाडीत आणखी एक गोम असते, आणि ती टेप लावल्याशिवाय कळत नाही. समजा, कंपनीचा शॉकअप पूर्ण बंद असताना ३४० मिलिमीटर आणि पूर्ण उघडा असताना ५४० मिलिमीटर आहे. मूळ उंचीवर तो ४४० वर, म्हणजे बरोबर मध्ये उभा असतो. गाडी ५० मिलिमीटर उचलली आणि शॉकअप तोच ठेवला, तर तो ४९० च्या आसपास जातो. खाली जायला १०० ऐवजी ५०च मिलिमीटर उरतात. चाक खड्ड्यात उतरले की शॉकअपच्या नळीतला दांडा टोकाला जाऊन ‘ठक्’ वाजतो, चाक अधांतरी राहते आणि मग धप्पकन पडते. पाट्याऐवजी कॉइलखाली स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) घालून उचललेल्या गाडीतही हेच होते. स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, शॉकअप मात्र ताणलेला राहतो.

आपल्या किनाऱ्यावर याचा दुसरा त्रास खाऱ्या हवेचा. एरवी नळीत राहणारा दांड्याचा चकचकीत भाग उंच गाडीत कायम बाहेर असतो. त्यावर मीठ आणि तांबडी माती बसते, मग गंजाचे बारीक खड्डे पडतात. धूळझाकण वर सरकवून नख फिरवले तर ते खड्डे हाताला लागतात. पेट्या भरून गाडी दबली की तोच भाग सीलमधून आत जातो, सील कापते आणि ऑइल गळते.

तपासणीची सुरुवात टायरपासून करावी. दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाब थंड टायरला भरावा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नव्हे. जास्त फुगलेला टायर चेंडूसारखा उसळतो. मग नेहमीचे ओझे ठेवून शॉकअपची एका बुशच्या (टोकाच्या रबरी कड्याच्या) मध्यापासून दुसऱ्या बुशच्या मध्यापर्यंतची लांबी मोजावी. पुढच्या चाकांना उटी (अडण) लावून, चासी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून मागचे हौसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आस, मोकळे लोंबू द्यावे आणि पुन्हा मोजावे. नुसत्या जॅकवर हे काम कधीही करू नये. ब्रेकचा होज ताणला जातो का, तेही इथेच दिसते. शॉकअप काढून उभा धरून हाताने चार-पाच वेळा पूर्ण चालवावा. मध्येच रिकामा झोल लागला, तर तो गेला.

नवा शॉकअप घेताना नुसते गाडीचे नाव सांगू नये, माप सांगावे. उभ्या गाडीत दांडा मधोमध राहावा, आणि बंप स्टॉप टेकल्यावरही शॉकअप बंद व्हायला १५-२० मिलिमीटर शिल्लक राहावेत. पाटे हौसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत, आलटून पालटून समोरासमोर आवळावेत आणि १०० व ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. पाट्याच्या आणि शॉकअपच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लोंबत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. ही चूक फार होते. गंज लागू नये म्हणून जळके ऑइल मारण्याची रीत आहे, तेही या बुशना फुगवते.

बोलेरो, जिप्सी, २०२० पूर्वीची थार अशा मागे पाटे असलेल्या गाड्यांत लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी) घालून उंची वाढवतात. शॅकल १०० मिलिमीटरने वाढवली तर हौसिंगपाशी साधारण ५०च मिळतात, शिवाय हौसिंगचे तोंड वर फिरते. इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) कोनात चालतो आणि थरथर सुटते. पुष्कळ जण तीच थरथर उसळी समजतात.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणे ठरवणारा व्हॉल्व्ह चासीवर असतो आणि त्याची काडी हौसिंगला जोडलेली असते. गाडी उचलली की काडी खाली ओढली जाते, व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायम रिकामी राहते आणि भरल्या गाडीतही मागे ब्रेक कमी लागतो. भर पावसात आंबा घाट उतरताना हे परवडणारे नाही. काडी कंपनीच्या मापाने पुन्हा बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. म्हणून कंपनीच्या उंचीवर परत येऊन मूळ मापाचे नवे शॉकअप बसवणे हाच आमच्या मते पहिला उपाय. बहुतेक वाटांना तेवढी उंची पुरते.

सुट्या भागांच्या दुकानदारांना एक विनंती. उंचीचे सामान विकताना शॉकअपची बंद आणि उघडी लांबी बिलावर लिहून द्यावी. ती दोन मापे हातात असली, तर गिऱ्हाईक बसवण्याआधीच टेप लावून पाहू शकेल.

आपले नम्र,
चारचाकी दुरुस्तीचे काही कारागीर,
रत्नागिरी जिल्हा