केरसुणीवर बसू नये

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय बंड्या,

पोरांसाठीच्या तुझ्या गोष्टीचा आराखडा आणि पहिली तीन प्रकरणं दोनदा वाचून झाली. पेठांच्या पोटात चेटकिणींची वस्ती, बारा वर्षांची ठकी चुकून तिथे पोचते आणि अमावास्येला गेलेली पौर्णिमेच्या आत परत यायला हवी. सांगाडा भक्कम आहे. नसता तर चार ओळींचं कार्ड टाकून मोकळा झालो असतो.

मुख्य तक्रार एकच. तुझं जग जादूचं आहे हे पानोपानी कळतं, पण ते आजवर लपून कसं राहिलं हे कुठेच कळत नाही. ‘मंतरलेला पडदा’ म्हणून तू एका ओळीत उरकलंयस. दहा वर्षांचं पोर तिथेच बोट ठेवणार, की मग एवढ्या वर्षांत कुणी पलीकडे डोकावलंच नाही? पडदा काढून टाक. पुण्यात पडद्याची गरजच नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक विचित्र गोष्टीचं कारण आधीच तयार असतं. पाणी गेलं, महापालिका. आवाज आला, वरचे भाडेकरू. पूल दिसेनासा झाला, खडकवासल्यातून पाणी सोडलं असेल. चेटकिणींनी फक्त एवढंच बघायचं, की आपली प्रत्येक जादू अशा एखाद्या तयार कारणाखाली मावली पाहिजे. मावली नाही, तर जग उघडं पडतं. हा एक नियम तू नीट पाळलास की पुढची निम्मी गोष्ट तोच लिहील.

गोदीचं उदाहरण घे. ही बोबडी शिकाऊ चेटकीण हे तुझं सगळ्यात चांगलं पात्र आहे आणि तू तिला तिसऱ्या प्रकरणात नुसती लाडू खायला बसवलीयस. ती ‘र’ला ‘ल’ म्हणते, याचा उपयोग कर. नदी चढलीय, वस्तीत पाणी शिरतंय आणि मोठ्या चेटकिणी जागेवर नाहीत. गोदीला मंत्र पाठ आहे:

इरी बिरी नदीकिनारी,
गढूळ पाणी चढलं दारी,
आल्या वाटेनं माघारी,
पूर जा रे, पूर जा!

आणि ती ठणठणीत आवाजात म्हणते, ‘पूल जा ले, पूल जा!’ पूर तिथेच राहतो आणि भिडे पूल नाहीसा होतो. आता गंमत बघ. एकाही पुणेकराला काही वाटत नाही. तो पूल नदीच्या पात्रालगत इतका ठेंगणा आहे, की पावसाळ्यात विसर्ग वाढला की पाण्याखाली जातोच. लोक कठड्याशी उभे राहून फोटो काढतात, पोलीस रस्ता बंद करतात, झालं. खरी पंचाईत पाणी ओसरल्यावर, कारण तेव्हा पूल दिसायला हवा. म्हणजे गोदीकडे पाणी उतरेपर्यंतची मुदत आहे. असं घड्याळ फुकटात मिळतंय तर घे. फक्त तोच पूल घे. लकडी पुलाला हात लावू नको. नाव लकडी असलं तरी त्यात लाकूड नाही, तो उंच आहे आणि तो गेला तर अख्ख्या गावात बोंब होईल.

एक गोष्ट मात्र नक्की काढ. दुसऱ्या प्रकरणात तू 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर चेटकिणींच्या भांडणातून आणलायस. ते नको. तेव्हा धरण फुटलं, माणसं गेली, संसार वाहून गेले आणि जुन्या पेठांतल्या घरांत पाणी कुठवर आलं होतं ते अजून दाखवतात. ज्या दुःखाला खरं कारण आहे त्याला जादूचं कारण देऊ नये. ‘काका मला वाचवा’ही काढ, पण ते वेगळ्या कारणाने. तो प्रसंग इतका वापरून झालाय की त्यात भीती उरलेली नाही.

आता जागा. तू वस्ती ‘शनिवारवाड्याखालच्या गूढ भुयारात’ ठेवलीस. भुयार खरंच आहे, पण ते पाण्याचं आहे आणि म्हणूनच जास्त रंगतदार आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणायला चुन्यात बांधलेला नळ काढला, माणूस आत चालू शकेल एवढा उंच. पंप नाही, चाक नाही, सगळं उतारावर. वाटेत ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडायला आणि साफसफाईला उतरायला ठेवलेली उभी धुराडी. शब्द बघ, उच्छ्वास! जमिनीखाली काहीतरी श्वास घेतंय असं पेशवाईतल्या माणसांनीच लिहून ठेवलंय आणि तू मात्र ‘गूढ द्वार’ म्हणतोयस. नळातून पेठांतल्या हौदांना पाणी जायचं. पुष्कळ हौद आता बुजले आणि त्यांची नावं चौकांना उरली. चेटकिणींच्या नकाशात ते हौद अजून भरलेले असावेत. फडके हौदाशी आपल्याला वाहनांची कोंडी दिसते, त्यांना घाट दिसतो.

पत्ते तर तयारच आहेत. गुपचूप गणपती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती. असली नावं कुणी मुद्दाम रचली असती तर संपादकाने अतिरेक म्हणून कापली असती. मात्र ही खरी देवळं आहेत आणि लोक रोज तिथे हात जोडतात. त्यामुळे ‘जिलब्या मारुतीवरून डावीकडे’ एवढाच वापर कर, देवाला गोष्टीत कामाला लावू नको. आसरांचंही तसंच. पाण्याकाठच्या त्या सात बहिणींना गावोगाव हळदकुंकू आणि हिरवा खण वाहतात, त्यांना तुझ्या सैन्यात भरती करून चालणार नाही. नळात एका वळणावर सात शेंदरी दगड असावेत आणि तिथून जाताना चेटकिणींनीही चपला हातात घ्याव्यात. बास. पिंपळावरचा मुंजा मात्र तुझाच आहे, त्याला हवं तेवढं बोलू दे.

ठकी आत कशी जाते? तू तिला गटाराचं झाकण उचलायला लावलंस. हे सगळ्यात आधी बदल. पोरं वाचलेलं करून बघतात. बंद गटारात आणि जुन्या आडात विषारी वायू साठतात, प्राणवायू कमी असतो आणि काही कळायच्या आत शुद्ध हरपते. दार असं हवं, की वाचणाऱ्याला ते उघडून बघता येईल पण त्यात उतरता येणार नाही. उदाहरणार्थ, दीप अमावास्येला घासूनपुसून पाटावर मांडलेल्या दिव्यांत एका समईची सावली उलटी पडते आणि ठकी त्या सावलीवर पाय देते. घरोघरी पोरं सावल्या तपासतील. तपासू देत.

काढे आणि लेप यांनाही हाच नियम. धोतरा, कण्हेर, गुंज, एरंडाच्या बिया हे सगळं विषारी आहे आणि यातलं काही ना काही सोसायटीच्या कुंपणाला किंवा टेकडीवर सहज मिळतं. त्यांची नावंसुद्धा नकोत. त्याऐवजी खरोखर रंग बदलणारा काढा दे. एक वाटी कोमट पाणी, निळ्या गोकर्णीची आठ-दहा फुलं, दहा मिनिटं. पाणी निळं होतं. लिंबाचे चार थेंब टाकले की जांभळं, आणखी पिळलं की गुलाबी. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. फसतं कुठे? पांढरी गोकर्ण तोडली तर रंगच उतरत नाही. गोष्टीतही तेच होऊ दे. अंधारात ठकी चुकीच्या वेलाची फुलं आणते, सत्य ओळखणारा काढा बिनरंगाचा राहतो आणि सगळ्यांना वाटतं, ही खोटारडी.

जादूला किंमत हवी असं तू लिहिलंयस, पण ती काय ते ठरवलेलं नाहीस. ‘आठवण पुसली जाते’ वगैरे नको, फार झालं. आपल्याकडे उसनवारी आहे, ती वापर. चेटकीण नवं काहीच निर्माण करत नाही, ती फक्त उसनं आणते. तिने वाटीभर साखर आणली की पेठेतल्या कुठल्यातरी डब्यातली वाटीभर साखर कमी होते. उसनं सपाट वाटीने घ्यायचं, परत शीग लावून करायचं, तेही पुढच्या अमावास्येच्या आत. वस्तीत एक लाल कापडी बांधणीची वही, तिच्यात प्रत्येकीचं खातं. आता ज्या घरातून वस्तू गेली तिथे आळ कुणावर येतो? कामाला येणाऱ्या बाईवर, नाहीतर धाकट्या पोरावर. ठकी ज्या दिवशी हे बघते त्या दिवशी तुझी गोष्ट नुसती मजेची राहत नाही. शिवाय लपण्याचा नियमही यात सांभाळला जातो, कारण घरातून वस्तू हरवण्याला कारणं भरपूर असतात.

केरसुणीबद्दल बोलायलाच हवं. मुखपृष्ठाच्या कच्च्या चित्रात चेटकीण केरसुणीवर बसलीय. अरे, केरसुणी म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू लावतो, पाय लागला तर नमस्कार करतो. तिच्यावर मराठी चेटकीण बसेलच कशी? अंगणातला हिराचा खराटा एक वेळ चालेल, पण मला विचारशील तर जेवायचा पाट दे. मांडी घालून बसायचं, वळायचं त्या बाजूचा गुडघा दाबायचा. धरायला काही नाही म्हणून शिकाऊ मुलींच्या पाटांना दोन बाजूंना पितळी कड्या. पावसात लाकूड पाणी पिऊन जड होतं, म्हणून श्रावणात कुणी दोन पुरुष उंचीच्या वर उडत नाही. सूप हलकं असतं, पण वाऱ्यात उलटं होतं आणि माणूस पाखडला जातो. ही चूक गोदी करेलच.

चंद्राची चूक वाचक पकडतील. नागपंचमीच्या मध्यरात्री तू चंद्र डोक्यावर ठेवलास. शुद्ध पंचमीचा चंद्र साधारण साडेदहा-अकराच्या आत मावळतो. अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास जातो. रात्रभर पुरतो तो पौर्णिमेचाच, आणि तोही श्रावणात ढगांतून दिसला तर. म्हणून चेटकिणी आकाश बघत नाहीत, भिंतीवरचं कालनिर्णय बघतात. दीप अमावास्या ते नारळी पौर्णिमा हा पंधरवडा तू छान निवडलास, त्याला हात लावू नको. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही ही रीत पण वापर. त्या दिवशी वस्तीतली कुठलीच सुरी कापत नाही, आणि ठकीला बांधलेला दोर नेमका त्याच दिवशी कापायचा असतो. गाठ सोडवावी लागेल. वेळ जाईल. जाऊ दे.

आता अवघड भाग. तुझी खलनायिका म्हणजे माडीवर एकटी राहणारी, दात पडलेली म्हातारी. चेटकीण म्हटलं की आपल्या पोरांसमोर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची उभी राहते, आणि ती रंगमंचावर शोभते, कारण तिथे सगळंच उघड उघड खोटं असतं. तू मात्र खरी पेठ, खरा वाडा, खरा जिना लिहितोयस. एकटी म्हातारी बाई आणि ‘चेटकीण’ हा शब्द शेजारी ठेवणं आपल्या राज्यात निरुपद्रवी नाही. डाकीण ठरवून बायकांना छळल्याचे प्रकार सातपुड्याच्या बाजूला घडलेत. ज्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून तू ठकीला पळवतोस, तिथेच 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. म्हणून पुण्यात चेटकिणींची गोष्ट लिहूच नये असं नाही, पण तीन कुंपणं घाल. मंत्राने कुणाचा आजार बरा होऊ नये. जादूसाठी कुणी पैसे घेऊ नयेत. आणि माणसाच्या रूपावरून, वयावरून किंवा एकटेपणावरून चेटकीण ओळखता येऊ नये. म्हातारीला साधी म्हातारी कर, जी सगळं ओळखून आहे आणि वाटीभर साखर गेल्याचं कुणालाच सांगत नाही. खलनायिका हवी तर ती वही सांभाळणारी हिशेबनीस घे. तरुण, नीटनेटकी, शीग कमी भरणारी.

लांबीचं थोडक्यात. वीस प्रकरणं, प्रत्येकी साडेबाराशे शब्द, म्हणजे पंचवीस हजार. डेमी आकारात, चौदा पॉइंटात, चित्रांसकट 144 पानं, म्हणजे सोळापानी नऊ फर्मे बरोबर बसतात. चार पानं वाढली तर अख्ख्या फर्म्याचा विचार करावा लागेल, म्हणून वाढवू नको.

आणि मुद्रितशोधनाचं आत्ताच बघ. गोदीचा प्रत्येक ‘ल’ कुणीतरी प्रामाणिक माणूस ‘र’ करून टाकणार, आणि मग पूर जाईल, पूल राहील, प्रकरण संपलं. हस्तलिखितात तिच्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ मार आणि समासात ‘असेच हवे’ लिही. प्रूफ आलं की आधी तिचीच पानं काढून बघ.

तुझा,
सदाशिव पेठेतला